बियाचा दोरा

रिक्षातून उतरतानाच कुंदाला दिसलं. अंगणातल्या डालड्याच्या डब्यांत नुसते खुंट उरले होते. तिच्या हातात चार वार प्लास्टिक होतं. टोमॅटोंना पावसाची झड लागू नये म्हणून उल्हासनगरच्या कॅम्पात दुकानदाराशी अर्धा तास घासाघीस करून आणलेलं. आता ते कशावर घालायचं?

"साहेबांनी कापली, ताई," शेजारच्या चामटोली गावाहून भांड्यांना येणारी बनूबाई पदराला हात पुसत पुढे आली. "मी बोल्ले, बाईंना येऊ द्या. तं बोलले, देवाचं काम हाय, तू मधी बोलू नको."

गुरुदत्त आत चहा पीत बसला होता. मोठं काम फत्ते करून आल्यासारखा त्याचा चेहरा फुलला होता.

"अगं, साहेब काय खूश झाले म्हणून सांगू!" तो म्हणाला.

साहेब म्हणजे तेंडोलकर. अंबरनाथ एमआयडीसीतल्या ज्या रसायनांच्या कारखान्यात गुरुदत्त होता, तिथले मॅनेजर. दोघेही सावंतवाडीकडचे. तिकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला फळं, भाज्या, रानातली फुलं बांधतात, तिला माटवी म्हणतात. तेंडोलकरांची माटवी फॅक्टरीतले लोक मुद्दाम बघायला जायचे आणि यंदा गुरुदत्तच्या बढतीचा कागद तेंडोलकरांच्या टेबलावर होता.

"काकडी, भोपळा, रानातली कवंडाळं सगळेच बांधतात," गुरुदत्त सांगत होता. "असली रंगीत मिरची आणि ते पिवळे इटुकले टोमॅटो दुसऱ्या कुणाच्या माटवीत असणार? शोभेचीच तर झाडं. नाहीतरी कोण खातंय!"

कोण खातंय! कुंदाच्या डोक्यात तिडीक गेली. दोन वर्षं हा माणूस तेच टोमॅटो सारात भुरकत होता. त्याच मिरचीचा ठेचा डब्यात नेत होता, साहेबांना चाखवत होता आणि साहेबांनी तारीफ केली की घरी येऊन स्वतःचीच पाठ थोपटून घेत होता. झाडाकडे मात्र त्याने कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. ताटात काय येतं आणि ते कुठून येतं, याचा आपल्याशी काही संबंध आहे असं त्याला वाटतच नसे.

"दोरा बांधलेल्या फांद्या पण कापल्या?" तिने विचारलं.

"त्याच तर आधी कापल्या. लाल दोरा दिसला, म्हटलं हिने देवासाठीच राखून ठेवलंय."

कुंदाच्या माहेरी, जुन्नरकडे, बियासाठी राखलेल्या काकडीला, दोडक्याला चिंधी बांधायची रीत होती. चिंधी दिसली की गावातली वांड पोरंसुद्धा हात लावत नसत. कुंदाने चिंधीऐवजी दोरा बांधला होता, एवढंच. मुंबईच्या एका पुष्पप्रदर्शनातून तिने या मिरची-टोमॅटोच्या बियांची एक पुडी आणली होती, तो विकणारा पुन्हा तिथे दिसला नाही. बारा बियांतल्या तीन उगवल्या होत्या. गेल्या वर्षी राखेत घोळवून ठेवलेलं बी ओल लागून बुरसटलं, त्यातून कशीबशी मिरचीची दोन झाडं आणि टोमॅटोचं एक हाती लागलं. बरणीत आता एक बी शिल्लक नव्हतं. ही मिरची आधी वांग्यासारखी जांभळी, मग पिवळी, मग केशरी होते. लाल झाल्याशिवाय तिचं बी पक्कं होत नाही. लाल व्हायला आठ-दहा दिवस राहिले होते.

हे सगळं ती गुरुदत्तला सांगणार होती. पण तो उठून आंघोळीला गेला होता.

दोन दिवस घरात भांडी तेवढी बोलत होती. तिसऱ्या दिवशी साहेबांकडे जेवायचं बोलावणं होतं. "तोंड नीट ठेव," गुरुदत्त स्कूटरला किक मारता मारता म्हणाला, "आजचा दिवस महत्त्वाचा आहे." कुंदा मागे बसली आणि अंबरनाथ येईपर्यंत तिने त्याच्या खांद्याला हात लावला नाही.

आरतीच्या वेळी तिचं लक्ष मूर्तीकडे नव्हतंच. वर, नारळ आणि काकडीच्या मधोमध तिच्या फांद्या उलट्या टांगल्या होत्या. लाल दोरा जागच्या जागी होता. दोऱ्यापाशी तीन मिरच्यांवर लाली चढली होती. बाकीच्या जांभळ्याच सुकल्या होत्या. टोमॅटोंचा घोस हळदीसारखा पिवळा झाला होता. तिला रडू आलं नाही. रागाने तिचे कान तापले.

पंगत त्याच खोलीत बसली. तेंडोलकरांनी भातावर वरण घेतलं आणि हसत म्हणाले, "वहिनी, सणाला लसूण चालत नाही म्हणून, नाहीतर आज तुमचा ठेचा मागितला असता. विसर्जन झालं की बरणीभर पाठवून द्या."

"आता मिळायचा नाही, साहेब," कुंदा म्हणाली. "तुमच्या माटवीला टांगलाय."

पंगतीचे हात थांबले. तेंडोलकरांनी वर पाहिलं. "म्हणजे? ही तर शोभेची ना? गुरुदत्त म्हणाला..."

"ते काहीही म्हणतात. दोन वर्षं खातायत, चव विचारा त्यांना. बियाला राखलेली झाडं मला न विचारता कापून आणलीत. घरात आता एक बी नाही."

"कुंदा!" गुरुदत्त दबक्या आवाजात ओरडला. "देवाला दिलंय ते!"

"कुणी दिलं? मी नाही दिलं. जे दिलंत ते तुमचं नव्हतं."

ती ताटावरून उठली, हात धुतला, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. साहेबांची बायको वृंदा "अहो वहिनी, विसर्जनाआधी नाही काढत," म्हणत पुढे धावली. तेवढ्यात भिंतीशी बसलेली साहेबांची म्हातारी आई डोळे बारीक करून बोलली, "थांब गो, वृंदा. ह्यो बियाचो दोरो मा? माका वाटला नवसाचो. बियाचा कोण तोडता रे, मेल्या?" शेवटचे शब्द गुरुदत्तसाठी होते. मग ती मुलाकडे वळली. "बघतंस काय? स्टूल धर तिचा."

साहेबांनी उष्ट्या हाताने स्टूल धरलं. कुंदाने तीन मिरच्या आणि टोमॅटोंचा घोस तेवढा उतरवला, पदराच्या टोकाला गाठ मारली, मूर्तीला हात जोडले आणि पायात चपला घालून बाहेर पडली.

रस्त्यावर गुरुदत्त स्कूटर ढकलत तिच्या मागे आला. "चारचौघांत अब्रू घालवलीस. आता कसली बढती!" ती चालत राहिली. स्टेशनच्या वळणावर त्याचा आवाज जरा खाली आला. तिच्या पदराच्या गाठीकडे बघत त्याने विचारलं, "उगवतील का पण?"

"उगवतील," कुंदा म्हणाली. "पण तुमच्या डब्यासाठी नाही."