पाण्याला नाही म्हणणारा व्याही

मुलासाठी मुलगी पाहायला निघालेला बाप उपाशी राहिला, तर लोक नवस समजतील. कोंढ्याचा तुलाराम उपाशी नव्हता, तहानलेला होता, आणि तेही स्वखुशीने. गेल्या आठ महिन्यांपासून एक पेला पाणी पोटात गेलं की त्याला तीनदा उठावं लागे. उभं राहावं, तर धार लवकर सुरूच होत नसे. झाली तर तुटक. आणि संपली म्हणून वळावं, तर पुन्हा तीच घाई. रात्री चारदा उठायचा आणि बायकोला सांगायचा, कुत्रं भुंकलं. गोदावरीबाईला वाटे, म्हातारपणी माणूस भलताच राखणीचा झाला.

गावात एकाला अशाच त्रासात कॅन्सर निघाला होता. तेव्हापासून तुलारामने ठरवून टाकलं होतं की आपण दुखण्याला विचारायचं नाही, म्हणजे तेही काही बोलणार नाही. शहाण्या माणसाला असा मूर्खपणा फार छान जमतो.

मुलीच्या गावी, सानगडीला जाताना त्याने दोनदा गाडी थांबवली, दोन्ही वेळा रस्त्याकडेच्या धानाच्या बांधीतलं लाखोरीचं पीक पाहायच्या निमित्ताने. गाडी मुलगा भूपेंद्र चालवत होता, मागे गोदावरीबाई बसली होती. तो वरठीला कारखान्यात नोकरीला होता. दामिनी त्याला आवडली होती, तिलाही तो आवडला होता. आता फक्त मोठ्यांचा होकार हवा होता.

बैठकीत दामिनीने पाणी आणलं. तुलारामने हात आडवा केला. चहा आला, तोही त्याने परतवला. ज्या घराशी सोयरीक करायची नाही, त्या घरचं पाणी माणसं टाळतात, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण अडलेल्या माणसाच्या डोक्यात एकच विचार मावतो. भूपेंद्र हळूच म्हणाला, एक घोट तरी घ्या. तुलाराम नको म्हणाला आणि घाई आवरेना म्हणून उठून उभाच राहिला.

मुलीचे वडील भोजराज यांचा चेहरा उतरला. त्यांनी हात जोडले. "आमच्यात काही कमी दिसली काय जी?"

भूपेंद्रने मान खाली घातली. पोराचं ते पडलेलं तोंड पाहून तुलारामला स्वतःचीच चीड आली. आपली लाज झाकायला आपण याचं लग्न मोडायला निघालो होतो.

"कमी माह्यात आहे," तो म्हणाला. "मले लघवीचा तरास आहे. पानी पेलो का घडीघडी उठा लागते. म्हनून सकाळपासून थेंब घेतला नाही. आता आधी जागा दाखवा, मंग बोलू."

तो परत येऊन बसला. गोदावरीबाई पदर तोंडाला लावून बसली होती, हसू आवरायला की रडू, ते कळत नव्हतं. बोलली ती भोजराजांची म्हातारी आई, जानकीबाई. आपल्या मालकानेही असंच लपवलं, असं तिने भर बैठकीत सांगितलं. एक दिवस सगळंच बंद झालं, पोट फुगलं, आणि भंडाऱ्याला नेऊन नळी घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, पुरुषाच्या मूत्राशयाखाली असते ती प्रोस्टेटची ग्रंथी वयाने वाढते, केस पिकावे तशी. बहुतेकांची साधीच असते. वेळेवर आले असते तर गोळीवरही भागलं असतं. पाणी तोडल्याने तर लघवी आणखी जळजळते, असं सांगून म्हातारीने पेला त्याच्या हातात ठेवला. तुलाराम एका दमात प्यायला.

भोजराज मोकळे हसले आणि आता आमच्याकडून होकार समजा म्हणाले. तेवढ्यात दारात उभी असलेली दामिनी बोलली. अशा बैठकीत मुलगी बोलेल अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती.

"काकाजी, माही एकच अट आहे. आधी डॉक्टरले दाखवा. ज्या घरात मोठ्या मानसाले दुखनं सांगाची लाज वाटते, त्या घरात मी माह्यं कोनाले सांगू?"

तुलारामने अट मान्य केली. परतीच्या वाटेवर त्याने एकदाही लाखोरी पाहिली नाही. गरज पडली तेव्हा सरळ सांगून गाडी थांबवली.

चार दिवसांनी तो भंडाऱ्याला गेला. डॉक्टरांनी मागून बोट घालून तपासलं, रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं करवलं. कॅन्सर नव्हता. नुसती वाढलेली प्रोस्टेटची ग्रंथी होती. रोज एक गोळी दिली, तीही झोपताना, आणि तिने चक्कर येऊ शकते, उठताना सावकाश उठा म्हणून बजावलं. पाणी दिवसा भरपूर, संध्याकाळनंतर बेताचं, चहा कमी. सर्दीची गोळी दुकानातून मनाने घ्यायची नाही, तिने लघवी अडू शकते. तीन महिन्यांनी पुन्हा या. फरक पडला नाही, तर ऑपरेशनचं तेव्हा पाहू. तुलाराम दवाखान्याबाहेर आला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच पोटभर हसला.

भूपेंद्रकडून नंबर घेऊन त्याने दामिनीला स्वतः फोन लावला. गोळीच्या नावासकट सगळं सांगितलं. पलीकडून तिने पहिल्यांदाच सासऱ्याच्या नात्याने हाक मारली.

"मामाजी," ती म्हणाली, "मले डाव्या कानानं ऐकू येत नाही. भूपेंद्रले ठावूक आहे. तुमाले सांगू नको म्हने घरचे, सोयरीक मोडंल."

तुलारामने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मंग मी तुह्या उजव्या अंगाले बसत जाईन, पोरी," तो म्हणाला. "फक्त मधातून उठून गेलो, त रागावू नको."