एकविसावी चिमणी

तेर गावात लग्न कुणाचंही असो, नवरदेवाच्या गळ्यातला नोटांचा हार दैवशालाच्याच हातचा. दहाच्या कोऱ्या नोटेला ती ना टाचणी लावी, ना गोंद. नुसत्या घड्या घालून कधी पंखा, कधी फूल. यंदा तर पाठच्या भावाचं, मल्हारचं लग्न! त्याच्यासाठी तिनं चिमण्या केल्या. एकवीस चिमण्या, साऱ्यांच्या चोची बाहेर.

खरं तर वीसच झाल्या होत्या. एक नोट कमी पडली आणि हलगी तर गल्लीत वाजायला लागलेली. मग दैवशालाबाईंनी सारं घर उलथंपालथं केलं आणि कोनाड्यातली, कुंकवाचा डाग पडलेली दहाची नोट उचलली. डाग घडीच्या आत लपवला. विचारायचं कुणाला, हिच्या कलेपुढं!

हार खुंटीला लावला तेव्हा तेवढी एक चिमणी उलटी फिरलेली दिसली. चोच आत, गळ्याकडं. दैवशालानं ती सरळ केली. पाणी पिऊन आली, तर पुन्हा आत. भर दुपार, पंखा बंद, वाऱ्याची झुळूक नाही. पण दोरा पिळला असेल, अशी मनाची समजूत घालून ती दोन गल्ल्या पलीकडं माहेरी हार देऊन आली.

परतली तर सासू, कोंडाबाई, कोनाडा चाचपत उभ्या.

“दैवशाला, हितली नोट कुठं गेली गं?”

“म्या घेतली, आत्या. हाराला एक कमी पडत व्हती.”

कोंडाबाई मटकन खाली बसल्या. “अगं, शिवांजलीवरून सात येळा उतरली व्हती ती! पोरीचा ताप तिच्यात हाय. शिवंपल्याड टाकायची ऱ्हायली व्हती. आता जो अंगावर बाळगंल, त्याला भोवंल.”

दैवशालाची सात वर्षांची पोर तीन दिवस तापानं फणफणून कालच उठली होती. दैवशाला तशीच अनवाणी पळत सुटली. शिवांजलीही तिच्यामागं धावली.

मल्हार मारुतीच्या देवळापुढं घोड्यावर बसला होता. मुंडावळ्यांखाली डोळे लालभडक, ओठ सुकलेले. लोक म्हणत होते, नवरदेव लाजतोय. एकवीसही चोची आत वळल्या होत्या.

दैवशालानं हात घालून डागाची चिमणी तेवढी ओढून काढली. दोरा तुटला, म्हाताऱ्या माणसांनी अपशकुन म्हणून आरडाओरडा केला. मल्हारनं मोठा श्वास घेतला आणि तो म्हणाला, “अक्का, पानी दे गं.” त्याचा तळहात गार लागला.

ती नोट उलगडायला गेली. नोट तिच्या तळव्यावर आपोआप मिटली, घडीवर घडी, पुन्हा चिमणी.

समोर हलगीवाला हसत हात पसरून उभा होता. भावावरून ओवाळून नोट त्याला द्यायची, ही तर रीतच. कुणाला कळलंही नसतं. दैवशालाचा हात निम्मा पुढं गेला. हलगीवाल्याच्या खांद्याला त्याचं तान्हं लेकरू झोपलं होतं.

तिनं मूठ मिटली आणि गावाच्या शिवेकडं पाय उचलले. शीव दीड कोस. मुठीत चोच टोचत होती. कानशिलं तापायला लागली होती.

“आई, थांब ना!” मागून शिवांजलीनं तिची ती मूठ धरायला हात पुढं केला.

“शिवू नगं मला!” दैवशाला किंचाळली. आपल्याच लेकराला तिनं मोकळ्या हातानं ढकलून दिलं आणि मागं न बघता चालत राहिली.