शुक्रवारची किटली

टक्… टक्… टक्.

प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत सगळं सामसूम असताना माझं झाकण असं वाजू लागलं, की समजावं, पाणी उकळलं आणि शुक्रवारचा सूर्य मावळायला आला. मित्रांनो, पोटाने मोठी आणि चोचीने वाकडी अशी मी तांब्याची एक जुनी किटली आहे.

माझ्या जन्माची गोष्ट मजेशीर आहे. इथल्या ज्यू मंडळींनी हे प्रार्थनाघर बांधलं, तेव्हा सगळी पुंजी भिंतींतच संपली. चहाच्या भांड्यापुरतं काही उरलं नाही. मग घराघरांतून मोडकीतोडकी तांब्याची भांडी आली. कुणाचा गळका तांब्या, कुणाचं बिनकानाचं पातेलं. एका आजीबाईंनी तर आपल्या लग्नातलं घंगाळ दिलं आणि नंतर आठवडाभर हळहळत बसल्या. कारागिराने ते सगळं वितळवून मला घडवलं, आतून कल्हई केली. चोच बसवताना त्याला शिंक आली म्हणे, म्हणून ती वाकडी बसली. असो. मी कुणा एकाची नाही, सगळ्यांची थोडीथोडी आहे.

आता माझं काम सांगते. शुक्रवारी सूर्य मावळला की यांचा शब्बाथ सुरू होतो. शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस. शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आग पेटवायची नाही, लिहायचं नाही, कामधंदा करायचा नाही. पण सूर्य मावळायच्या आधी पाणी उकळून, मंद आचेवर पत्रा टाकून त्यावर ठेवलं, तर ते दुसऱ्या दिवशीपर्यंत गरम राहतं. शनिवारी सकाळी प्रार्थना संपली, की आदल्या दिवशीचा कडक कोरा चहा कपात थोडासा ओतायचा आणि वरून माझं पाणी. एकदा तो कप हातात आला, की माणसांचे पाय निघत नाहीत. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाचे गुडघे धरले, छत कुठे गळतंय, सगळ्याचा निकाल माझ्या चोचीसमोर लागत आला आहे.

मला सांभाळायचं काम मावशींकडे होतं. त्या कुणाच्या सख्ख्या मावशी नव्हत्या, म्हणूनच सगळ्यांच्या होत्या. किल्ल्या त्यांच्याकडे, खुर्च्या पुसणं त्यांच्याकडे, आजाऱ्याकडे डबा पोचवणं त्यांच्याकडे. पगार वगैरे काही नाही, पण दर शुक्रवारी दुपारी दार उघडून आधी माझ्याशी बोलायच्या, "काय गं बाई, झोप झाली का?" दुसऱ्या कुणी मला उचललं की लगेच ओरडायच्या, "अहो, सरा बाजूला! चोच वाकडी आहे तिची. ती फक्त माझंच ऐकते." मला या बोलण्याचा भारी अभिमान वाटायचा.

त्यांच्या जोडीला शिंपीकाका. ते समाजाचे अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे काय, तर प्रार्थनेला दहा माणसं भरावी लागतात, ती शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत भरावीत म्हणून दारात उभं राहून फोन करणारा माणूस. "अरे, सर्दीच झालीय ना? मग ये की! नाकाने थोडीच प्रार्थना करायची आहे?"

पण वर्षं गेली तशी ती दहा माणसंही मोठ्या मिनतवारीने जमू लागली. मुलं शिकली, दूर गेली. फळीवरचे कितीतरी कप पालथेच राहू लागले. कधी कधी मी अर्धीच भरली जायची. मित्रांनो, अर्ध्या भरलेल्या किटलीचा आवाज पोकळ येतो. तो मला मुळीच आवडत नाही.

मग एक दिवस ठरलं. शनिवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांनी बसून बोलायचं, हे प्रार्थनाघर चालू ठेवायचं, की बंद करून पलीकडच्या शहरातल्या मोठ्या प्रार्थनाघरात जायचं. आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी, शब्बाथ लागण्याआधी, मावशींचा आणि शिंपीकाकांचा सत्कार.

मी फळीवरून सगळं पाहत होते. दोघांना गाद्या घातलेल्या खुर्च्यांवर बसवलं होतं, हातात फुलं दिली होती. मावशी उठू लागल्या, की कुणीतरी त्यांना खाली बसवायचं.

"मावशी, आज तुम्ही कशालाही हात लावायचा नाही!"

"अगं, पण माझी…"

"पण नाही नि बिण नाही. आम्ही आहोत ना!"

समाजाचे सेक्रेटरी वकीलसाहेब 'फक्त दोन शब्द' बोलायला उभे राहिले. ते दोन शब्द काही संपेनात. शिंपीकाका मावशींच्या कानाशी कुजबुजले, "सूर्य काही यांच्या भाषणासाठी थांबायचा नाही हो."

आणि खरंच थांबला नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा खिडकीबाहेर अंधारलं होतं. मावशींची नजर फळीवर गेली. मी रिकामी होते. थंडगार.

"अगं बाई! किटली!"

ज्याला त्याला वाटलं होतं, दुसऱ्याने ठेवली असेल. आता आग पेटवायची सोय नव्हती.

शनिवारी सकाळी बाहेर गारठा होता आणि आत आदल्या दुपारीच करून ठेवलेला, आता थंड पाण्यात मिसळलेला कडू, काळा चहा. आता मंडळी दोन घोट घेतील, उठतील आणि प्रार्थनाघर बंदच करून टाकतील, अशी मला धास्ती वाटली. वकीलसाहेबांनी घोट घेतला आणि त्यांचं तोंड असं झालं, की शिंपीकाका म्हणाले, "साहेब, आता मात्र दोनच शब्दांत सांगा, कसा झालाय?"

हशा पिकला. उठू पाहणारे पुन्हा बसले. त्या हशातच नर्सबाई बोलल्या. त्या इस्पितळात काम करणाऱ्या, लहान लेकीला बोटाला धरून आलेल्या तरुण आई. लेकीला सगळे चिऊ म्हणत.

"आपण पुढचं बोलायला जमलोय ना? मग हा कप म्हणजेच पुढचं. मावशी एक संध्याकाळ खुर्चीत बसल्या आणि आपलं हे असं झालं. सत्कार केला, पण त्यांच्या हातातलं काम कुणी घेतलंच नाही."

मावशींनी पदराने डोळे टिपले. पण नर्सबाई थांबल्या नाहीत. "आणि मावशी, तुम्हीसुद्धा काही कमी नाही हं! कधी कुणाला हात लावू दिलात का तिला?"

"अगं, चोच वाकडी आहे तिची…"

"मग शिकवा की! आम्हाला काय वाकडं धरता येत नाही?"

मावशी हसल्या. डोळ्यांत पाणी तसंच. "शिकवते. पण सांडलंत तर बोलणार हं मी."

"बोला की. तुमचं बोलणं ऐकायलाच तर येतो आम्ही."

पुढचं वर्षभर तरी प्रार्थनाघर उघडं ठेवायचं ठरलं. दर शुक्रवारी एक घर किल्ली घेणार, माणसं जमवणार आणि मला आचेवर ठेवणार. शब्बाथला लिहायचं नाही, म्हणून कुणाची पाळी कधी, हे सगळ्यांनी तोंडपाठ केलं. वकीलसाहेबच तेवढे दोनदा चुकले.

मित्रांनो, तुमच्याही आसपास अशी कुणी मावशी असेल, असे कुणी काका असतील. त्यांना फुलं जरूर द्या. पण त्याआधी त्यांच्या हातातलं ओझं आपल्या हातात घ्या, आणि ते कसं उचलायचं तेही विचारून घ्या. आम्हा भांड्यांनाही नव्या हातांची सवय लागायला थोडा वेळ लागतो.

पहिली पाळी नर्सबाईंची होती. त्यांनी मला भरलं, थोडं सांडलं. मावशी शेजारी खुर्चीवर बसून होत्या. हात शिवशिवत होते, म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते त्यांनी. चिऊ टेबलावर कप मांडत होती. सगळ्यांची नावं घेत घेत तिने ते मांडले, आणि मग फळीवर पालथे राहिलेले कप पाहून थांबली.

"आई, मी मोठी झाले की किटली मीच ठेवणार ना?"

"हो गं राणी."

"मग तेव्हा कप किती मांडायचे?"

नर्सबाईंनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी माझ्याकडे.

टक्… टक्… टक्.