धुराडं

"बाबा, खिडकी उघडा! आधी ती खिडकी उघडा!" हर्षला, माझी सून, आतून ओरडली.

पडवीच्या खिडकीची कडी गंजून बसलेली. तेहतीस वर्षं मोहोपाड्याच्या केमिकल कंपनीत फिटर म्हणून काढली, पण घरातली ही एक कडी सरळ करायला मला कधी वेळ झाला नाही. शेवटी पायातली चप्पल काढून दोन ठोके घातले तेव्हा ती उघडली. तोवर सोनुबाई, म्हणजे माझी बायको, आमच्या घरची मालकीण, खुर्चीचे दोन्ही हात धरून खोकत होती. खोकला कसला, सगळी हाडं खुळखुळत होती. हर्षलाने वाफेचं मशीन लावलं, तोंडावर मास्क बसवला. दहा मिनिटांनी कुठे तिचा श्वास जागेवर आला आणि माझाही.

झालं होतं इतकंच, की हर्षलाने वरणाला धुंगार दिला होता. करवंटीचा तुकडा गॅसवर लाल करायचा, वाटीत घालून ती वाटी वरणात सोडायची, वर तुपाची धार सोडून झाकण ठेवायचं. मोबाइलवर बघून शिकली होती. पोरीचा हेतू सोन्यासारखा. पण झाकण उचललं आणि तो एवढासा धूर स्वयंपाकघरातून पडवीत आला. सोनुबाईच्या फुप्फुसांना तेवढा पुरला.

मी हर्षलावर तोंड टाकणार, तेवढ्यात सोनुबाईने मास्क बाजूला केला.

"आण गं ते वरण," ती म्हणाली.

"आई, नको आता. टाकून देते मी."

"टाकतेस कशाला? आण म्हणते ना."

आणि तिने वरण-भात खाल्ला. चार घास, पाच, सहा. मी दाराला टेकून मोजत होतो. दोन महिन्यांत या बाईने सहा घास सलग खाल्ले नव्हते. काहीही पुढे ठेवा, "माती लागते" म्हणून ताट सरकवायची. मटण माती, मासे माती, पुरणपोळीसुद्धा माती. आज मात्र वाटी पुसून घेतली आणि म्हणाली, "चुलीवरच्यासारखं लागलं."

आता बोला! ज्या धुराने जीव जातोय, त्याच धुराच्या चवीने घास उतरतोय.

ऑगस्टमध्ये ती आठ दिवस दवाखान्यात होती. कर्जतच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो वर धरला आणि विचारलं, "आजी विडी ओढायच्या का?" मी उखडलोच. म्हटलं, "डॉक्टर, तोंड सांभाळून." ते हसले नाहीत. म्हणाले, "मग चूल. विडी ओढणाऱ्यासारखीच झालीत फुप्फुसं. औषध मी देतो, पण पोटात गेलं नाही तर छातीला जोर कुठून येणार? वजन अडतीस आहे. छत्तीसच्या खाली आलं तर परत भरती." घरी येताना रिक्षात सोनुबाईने माझा दंड धरला होता. "मला परत तिथं नेऊ नका वो," एवढंच म्हणाली. दिवाळीनंतर काटा सदतीसवर आला होता.

चुलीचं नाव निघालं की माझी मान खाली जाते, ते का तेही सांगून टाकतो. कंपनीत माझं काम काय, तर पंप, ब्लोअर आणि धूर, वाफ बाहेर खेचणाऱ्या नळ्या. कुठल्या शेडमध्ये कामगाराचे डोळे चुरचुरले, की बोलवा रोहिदासला. मी जाऊन वर नळी बसवायचो, हवा मोकळी. आणि दहिवलीत माझ्या स्वतःच्या घरी, मागच्या पत्र्याच्या, बिनखिडकीच्या खोलीत ही बाई सतरा वर्षं चूल फुंकत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. लग्न झाल्यावर दुसऱ्या वर्षी ती म्हणाली होती, "अवो, एक धुराडं बसवा ना चुलीवर. तुमी तर तेच काम करता." मी म्हटलं, पुढच्या दिवाळीत. पुढच्या दिवाळीत स्कूटर आली. त्याच्या पुढच्या दिवाळीत पडवीला लाद्या. तिने परत कधी विचारलं नाही. उलट कंपनीतल्या कुणाच्या लग्नाला निघालो, की मीच नाक मुरडायचो, "तुझ्या साडीला धुराचा वास येतो." मग गॅस आला आणि चूल गेली. धुराडं राहिलं ते राहिलंच.

वरणाच्या प्रसंगानंतर आठवड्याने एका फार्महाऊसवर पंप दुरुस्तीला गेलो. रिटायर झालो तरी अशी कामं करतो, नाहीतर घरात बसून माणूस लोणच्यासारखा मुरतो. तिथला राखणदार मोरू माझ्या ओळखीचा. पंपाचा फूटव्हॉल्व्ह बदलून हात पुसत होतो, तर मागच्या पडवीत एक लोखंडी कपाट आणि त्याच्या कुशीतून निघालेली पातळ धुराची रेघ.

"मोरू, कपाट पेटलं रं तुझं!"

"पेटत नाय काका. साहेबांचं चीज धुरी घेतंय," मोरू म्हणाला. "मुंबईवरून येतात, आन शनिवारभर त्याच्यापुढं खुर्ची टाकून बसतात. आमच्या आज्याने सुकट टांगली चुलीवर, तर आमी गावठी. यांनी टांगलं तर पार्टी."

जवळ जाऊन बघितलं. कपाटाच्या बाहेर एक स्टीलची नळी, तिच्यात लाकडाचा भुसा. भुसा एका टोकाला नुसता धुमसतोय, जाळ नाही. फिश टँकला असतो तसला हवेचा छोटा पंप हळूहळू फुंकतोय आणि धूर दुसऱ्या नळीने कपाटात ढकलतोय. कपाटात हात घातला तर आत गार. धूर आहे, पण धग नाही. पदार्थ शिजत नाही, वितळत नाही, नुसता वास पितो.

"याला स्मोक जनरेटर म्हणतात," मोरू ऐटीत म्हणाला.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. विस्तव घराबाहेर, धूर कपाटात बंद आणि घरात येणार तो फक्त वास लागलेला घास. मी मोरूचे हात धरले. त्याला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली.

हर्षलाने डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "खायला थोडंथोडं चालेल. श्वासात एक कणही नको."

मग काय, मी लागलो. दोन इंची नळीचा तुकडा घरात होताच. पंप बाजारातून आणला. कपाट म्हणून आमचा मेलेला फ्रीज, ज्यात हर्षला तांदूळ ठेवायची. तांदूळ पोत्यात गेले, फ्रीज मागच्या अंगणात जांभळीखाली गेला. मध्ये चार हात लांब नळी, म्हणजे धूर वाटेतच गार व्हावा. आत जाळीवर सुके बोंबील आणि लसणीचे गड्डे मांडले. थंडीचे दिवस, सकाळची वेळ. पडवीची खिडकी बंद करून काचेआड सोनुबाईला बसवलं आणि पेटवलं.

पाच तासांनी एक बोंबील भाजून तोंडात टाकला आणि थुंकलो. कडू जहर! कुठल्या तरी डिंकाचा वास.

"भुसा कुठनं आणलात?" सोनुबाईने काचेआडून विचारलं.

"फर्निचरवाल्याकडून."

तिने कपाळावर हात मारला. "प्लायवूडचा असंल तो. त्यात गोंद. एवढं कंपनीत राहिलात, आन हे नाय कळलं?"

दोन डझन बोंबील खड्ड्यात पुरले. दुसऱ्या दिवशी वखारीत जाऊन आंब्याच्या फळ्यांचा भुसा आणला, उन्हात वाळवला, परत पेटवलं. धूर भसाभस निघाला. मी खूश. काचेवर टकटक झाली.

"हवा कमी करा!" तिचा आवाज काचेतून बारीक यायचा.

"अगं, धूर चांगला निघतोय की!"

"चांगला कसला? पिवळा हाय तो. पिवळा धूर कडू. आई सांगायची, धूर निळा झाल्याबिगर वर कायपण टांगू नको. पातळ, निळा. पलीकडची जांभळ दिसली पायजे."

मी पंपाची हवा कमी केली. भुसा थोडा दाबला. पाच-सात मिनिटांत धूर पातळ झाला, निळसर, आणि त्याच्यातून जांभळीचं खोड स्वच्छ दिसू लागलं. मागे वळून बघितलं तर ती काचेआड मान डोलावत होती, आमचा जुना सुपरवायझर काम पसंत पडल्यावर डोलवायचा तशी. खरं सांगतो, मला माझीच लाज वाटली. मी धूर फक्त बाहेर काढायला शिकलो. तिने सतरा वर्षं त्याचा रंग वाचला, डोळ्यांतून पाणी गाळत. आणि मी एकदा तरी विचारलं होतं का तिला, काय गं, तुला काय काय दिसतं त्यात?

दुपारी आत गेलो तर माझेच डोळे लाल, नाक वाहतंय.

"चुरचुरतात का वो?" तिने विचारलं. नुसतं विचारलं, टोमणा नव्हता.

"थोडे."

"पाण्याचा हबका मारा. चोळू नका."

मी मोरीत जाऊन हबका मारला. पाणी डोळ्यांतलं किती आणि नळाचं किती, ते मलाही सांगता येणार नाही.

दोन दिवस लसूण आणि बोंबील बंद डब्यात ठेवायचे, असा तिचाच हुकूम. "लगेच खाल्लं तर नुसता धूर लागंल. मुरू द्या." तिसऱ्या दिवशी हर्षलाने त्या लसणीची चटणी वाटली, बोंबील भाजले आणि तांदळाची भाकरी टाकली. सोनुबाईने पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. आम्ही दोघं श्वास रोखून उभे.

"बोला ना आई, माती लागते का?"

"गप गं. जेवू दे."

त्या दिवशी अर्धी भाकरी गेली. हर्षला आत जाऊन ओट्याला धरून रडली. मी जांभळीखाली गेलो आणि त्या मेलेल्या फ्रीजला हात जोडले. लोकांनी बघितलं असतं तर म्हातारा खुळावला म्हणाले असते. म्हणोत. मी मोरूला जोडले, त्या मुंबईच्या साहेबाला जोडले, धुंगार देणाऱ्या माझ्या सुनेलाही जोडले. आणि जिने मला एका शब्दानेही कधी बोल लावला नाही, तिला काय जोडावं ते काही सुचलं नाही.

तिथून आमचा आठवडा ठरून गेला. रविवारी भुसा वाळवायचा, सोमवारी धुरी. लसूण झाली, लाल मिरची झाली, मीठसुद्धा झालं. मी बाहेर पंपापाशी, ती काचेआड, आणि सारखी टकटक. "पिवळा होतोय वो!" "झोपलात का?" डिसेंबर संपता संपता वजन केलं. अडतीस आणि वर थोडं. डॉक्टर म्हणाले, काय चाललंय ते चालू ठेवा.

जानेवारीत एका सोमवारी वारा फिरला. एरवी घराकडून शेताकडे जाणारा, तो उलटून पडवीवर आला. खिडकी बंद होती, पण ती कडी! फटीतून वास आत गेला आणि सोनुबाई खोकली. थोडीच, दोनदा. मी धावलो. पंप बंद केला, नळीवर ओला गोणपाट टाकला. हर्षला म्हणाली, "बाबा, बंदच करूया हे." सोनुबाई नुसती लसणीच्या डब्याकडे बघत राहिली.

मी स्कूटर काढली आणि बाजारातून चार इंची पत्र्याची नळी आणली. दहा फूट, वळणाचा एक कोपरा आणि वर बसवायची टोपी. फ्रीजच्या डोक्यावर भोक पाडलं, नळी बसवली, भिंतीला क्लॅम्प ठोकत ठोकत कौलांच्या वर नेली. शिडीवर चढलो तर खालून हर्षलाचं सुरू, "बाबा, उतरा, सहासष्ट वय आहे तुमचं!" हातोडी तीन वेळा निसटली. हाताला पूर्वीसारखा नेम राहिला नाही. पण नळी ओळंब्यात उभी राहिली, सरळसोट. आधी खिडकीची कडी नवी बसवली, मग भुसा पेटवला.

धूर नळीतून वर गेला, टोपीखालून बाहेर पडला आणि कौलांवरून पार पलीकडे निघून गेला. अंगणात नाही, पडवीत नाही. मी शिडीच्या चौथ्या पायरीवर होतो. काचेआड सोनुबाई शाल गुंडाळून बसली होती आणि मान वर करून त्या नळीकडे बघत होती. खूप वेळ बघितलं तिने. चाळीस वर्षांनी बघत होती.

मग तिने टकटक केली. मला वाटलं, पिवळा झाला वाटतं. उतरून जवळ गेलो.

"कुठली दिवाळी म्हणायची वो ही?" ती म्हणाली.

ती हसत होती. नुसती हसत होती, त्यात कसलाच हिशेब नव्हता.

"हर्षलाला सांगा, आज आख्खी भाकरी टाक. भूक लागली."

मी हात धुतले, साबण लावून दोनदा धुतले, आणि हर्षलाच्या हातातलं ताट काढून घेतलं. भाकरी, चटणी, वर एक बोंबील. नेऊन तिच्यापुढे ठेवलं. तिने ताटाआधी माझा हात धरला आणि नाकाशी नेला.

"तुमच्या हाताला पण धुराचा वास येतो आता," असं म्हणून तिने हात सोडला आणि भाकरी मोडली.