दोन बोटांची वायर

ताटलीत चमचा पडला आणि आम्ही तिघंही दचकलो. समृद्धीने तो हळूच उचलून कडेला ठेवला. तिचा वरणभात तसाच होता. तिचे पप्पा मान खाली घालून भाकरी मोडत होते. माझ्या उजव्या मनगटाला ओलं फडकं गुंडाळलेलं.

अवसरी बुद्रुकला घराला लागूनच आमची शेड आहे. दारांवर नक्षी कोरणारं कॉम्प्युटरचं मशीन रत्नदीपनी, म्हणजे समूच्या पप्पांनी, आणलं तेव्हा मी एकच अट घातली होती. पोरीला सांभाळायला घरात दुसरं कुणी नाही, ती माझ्यासोबत शेडमध्येच असणार. तेव्हा दाबलं की सगळं जागच्या जागी थांबेल असं बटण पाहिजे. त्यांनी समूच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर मोठं लाल बटण बसवलं. रोज सकाळी समू दोन्ही तळव्यांनी ते दाबायची, वरचा दिवा लागायचा, मी म्हणायची, "पास." मगच काम सुरू.

आज उजवीकडे नवी मोटर बसवली होती, तिचं सेटिंग करायचं होतं. मशीनवरचा आडवा बीम दोन बाजूंच्या दोन मोटरी मिळून ओढतात. मागच्या टोकाला दोन्हीकडे एकेक स्विच असतो. बीम टेकला की ती बाजू थांबते, दोन्ही थांबल्या की बीम काटकोनात आला. रत्नदीप पिंपळवंडीला दार पोचवायला गेले होते. हे काम तसंही मीच करते, त्यांना तेवढा धीर नाही.

बीम सावकाश मागे निघाला. उजवा स्विच सूतभर खाली सरकल्यासारखा वाटला म्हणून मी वाकून हात घातला. चालत्या मशीनमध्ये हात घालू नये हे मलाही कळतं. पण बटणापाशी समू उभी होती.

डावी बाजू टेकली, थांबली. उजवी थांबेना.

"समू, दाब!"

तिने दाबलं. दिवा लागला. बीम येतच राहिला.

लोखंड करकरलं, बीम तिरका झाला, माझं मनगट खांबाला दाबलं गेलं. डावा हात ताणून मी कसाबसा भिंतीवरचा मेन स्विच पाडला.

मग कंट्रोलचं खोकं उघडलं. बटणातून एक जोडणी दिव्याला जाते आणि दुसरी मोटरींचा करंट तोडते. त्या दुसरीवर दोन बोटांची निळी वायर टाकली होती, बटणाला वगळून, म्हणजे बटण दाबलं तरी मोटरींचा करंट चालूच. टोकं सोलून, पिळून, स्क्रूखाली अगदी नीट बसवलेली. समूच्या वेणीची रिबनही रत्नदीप इतक्याच निगुतीने बांधतात.

"कधी लावली?" मी आता जेवताना विचारलं.

"दिवाळीच्या आधी. अगं, आत भुसा गेला की बटण आपोआप ट्रिप व्हायचं, मशीन बंद. चालू कामात फळी वाया. लई वैताग व्हता."

"मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तू मशीनला हात लावला असता व्हय?"

"नाही."

"मग?"

किती सहज म्हणाले.

"आणि दिवा? तो का चालू ठेवला?"

भाकरी मोडणारा हात थांबला.

"तू रोज तपासतीस ना," ते म्हणाले. "तुला बरं वाटावं म्हणून."

वायर मी समजून घेतली असती. घाई होती, माणूस चुकतो. पण दिवा त्यांनी विचार करून ठेवला होता, माझ्यासाठी. दिवाळीपासूनच्या सगळ्या सकाळी माझ्या डोळ्यांपुढून गेल्या, आणि त्या प्रत्येक सकाळी बीमच्या पलीकडे स्टुलावर पाय हलवत बसलेली समू.

ती उठून माझ्या कुशीत शिरली.

"आई, मी हळू दाबलं का?"

"नाही गं माझी बाय. तू एकदम बरोबर दाबलंस."

ती थोडा वेळ माझ्या फडक्याचं टोक चाळवत राहिली. पप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग बटण चालतच नव्हतं तर मी दाबलं की पप्पा मला रोज शाब्बास का म्हणायचे?"