सौसरपेक्षा कमी

रक्ताच्या रिपोर्टात सीआरपी चौऱ्याऐंशी आला, तेव्हा मोतीरामजींनी तो आकडा अर्ध्या पांढुर्ण्याला सांगितला. मुलगा सुमेध टायफॉइडनं पलंगावर तापत पडला होता, पण सौसरच्या धाकट्या भावाला, सुधाकरला, फोन करताना त्यांचा आवाज पोरगा बोर्डात आल्यासारखा होता.

"तुह्या अंकुशचा बहात्तरच ना बे? आमचा चौऱ्याऐंशी!"

मोहगावच्या बारशात सुमेध आणि अंकुश, दोन्ही चुलतभाऊ, एकाच पिंपातला मठ्ठा प्यायले होते आणि दोघंही टायफॉइडनं पडले. निकाल तेवढा वेगळा लागला.

औषध लागू पडलं. ताप उतरला, सीआरपी चारवर आला. मोतीरामजींनी टायफॉइड संपल्याचं जाहीर केलं आणि उरलेल्या गोळ्या कपाटात बंद केल्या.

"बाबा, कोर्स बाकी आहे," वैशाली म्हणाली. सून बायोकेमिस्ट्रीची एमएस्सी. घरात या पदवीचा उपयोग मुख्यतः तांदळाची पेज पातळ करण्यासाठी होई. "सीआरपी लिव्हरमध्ये बनतो. अंगातली सूज उतरली, एवढंच तो सांगतो. जंतू मेले की नाही, ते नाही सांगत. अर्ध्यात सोडलं तर ताप उलटेल. आतड्याला भोकही पडू शकतं."

"रिपोर्टात नॉर्मल लिहून आहे, पोरी. तू मशीनपेक्षा हुशार होऊन राहिली काय?"

"डॉक्टरांनीही सांगितलंय."

"त्यायले गोळ्या खपवा लागतात."

तिनं सुमेधकडे पाहिलं. बत्तीस वर्षांच्या सुमेधनं वडिलांकडे पाहिलं. "बाबा म्हणून राहिले तं..."

वैशालीनं अंकुशच्या बायकोला, सुप्रियाला, फोन लावला.

"ताई, इकडेबी तेच," सुप्रिया कुजबुजली. "पाच आला, अन् बाबांनी गोळ्या उचलून ठेवल्या."

"मग तू सांग, सुमेधचा दोन आला, गोळ्या चालूच आहेत. मी इकडे अंकुशभाऊंचं तेच सांगते."

"अन् दोघं सासरे आपसात बोलले तं?"

"जिंकल्याशिवाय ते फोन करत नाहीत."

संध्याकाळी पेज वाढता वाढता वैशालीनं बातमी दिली. मोतीरामजींनी उचललेला घास ताटात परत ठेवला.

"दोन? आपल्याहून कमी?"

कपाटाची किल्ली शोधायला ते स्वतःच उठले.

मग एकही गोळी चुकली नाही. पाण्याचा गिलास घेऊन ते मुलाच्या उशाशी उभे राहत. "गिळ बे. सौसरवाले पुढं चालले."

शेवटची गोळी पोटात गेली. ताप परतला नाही. वैशालीनं सुटकेचा निःश्वास टाकला.

मोतीरामजींनी रिकामी स्ट्रिप उलटसुलट करून पाहिली.

"डॉक्टरले अजून दहा मागून आण," ते म्हणाले. "सीआरपी एक येईस्तोवर थांबाचं नाही."