धुरातून आलेली ओ

तैवानात काओश्युंगला विमान उतरलं, धावपट्टीवरून वळलं, तेवढ्यात कुणाच्या तरी बॅगेतली पॉवर बँक पेटली. वरच्या कप्प्यातून असा काळा धूर सुटला की पुढची रांग दिसेना. सूयुए मागच्या दाराशी होती. विमानात नोकरी करून केस पिकायला आलेली बाई; तिनं दार उघडलं, घसरगुंडी फुगवली आणि घसा फोडून माणसं खाली लोटली. एक गृहस्थ अननसाच्या वड्यांचा खोका सोडीना. तिनं तो हिसकावून फेकला.

सगळे उतरल्यावर तिनं धुरात हाक मारली, "कोणी राहिलंय का?"

"आहे," कुणीतरी ओ दिली. बारीक आवाज. घाबरलेला मुळीच नाही.

सूयुए रांगत आत शिरली. सीटांवर, सीटांखाली चाचपत गेली. हाताला कुणीच लागेना. शेवटी तिच्या हाताखालच्या वानजेननं कॉलर धरून तिला बाहेर ओढलं.

खाली माणसं मोजली. सगळी होती. अग्निशमनवाल्यांनी विमान पालथं घातलं, आत कुणी नव्हतं.

"ताई, मी तुमच्या पाठीशीच होते," वानजेन म्हणाली. "मला नाही काही ऐकू आलं."

कंपनीच्या डॉक्टरनं धुराचा परिणाम म्हणून रजा दिली. घरी सूयुए चालता चालता थबकायची, कान द्यायची.

"सगळे वाचले ना गं?" आई म्हणायची.

"मग ओ कुणी दिली?"

शेवटी आईनं तिला देवळामागच्या छाई आजीकडे नेलं. भेदरलेल्या माणसाचा उडालेला जीव आजी हाका मारून परत आणायची. तिनं सूयुएचा गणवेशाचा सदरा तांदळाच्या वाटीभोवती गुंडाळला, वर उदबत्ती फिरवली. "सूयुए, घरी ये गं!"

"आले," रिवाजाप्रमाणे तिच्या वतीनं आई म्हणाली.

आजीनं सदरा सोडून तांदूळ न्याहाळले. "आली पोरगी. पण एकटी नाही आली."

आईचा चेहराच उतरला. "मग हाकला ना त्याला!"

"ते का आपणहून आलंय? हिनं विचारलं, राहिलंय का कोणी. त्याला आजवर कुणी विचारलं नसेल."

"मी काय करू, आजी?" सूयुएनं विचारलं.

"हाक मारताना मला विचारलं होतंस? आता निस्तर."

सूयुए कामावर परतली. शेवटचा प्रवासी गेला, की ती रिकाम्या विमानात वळून म्हणायची, "चला, उतरायचं." मग क्षणभर अंग चोरून वाट द्यायची. वानजेनला हसू यायचं. "ताई, त्यांना चहा विचारलात का?"

एकदा तायपेईला सूयुए अशीच बोलली आणि वानजेनच्या हातातली पिशवी गळून पडली. ती पांढरीफटक झाली होती.

"ताई... कुणीतरी 'आलो' म्हणालं."

दुसऱ्या दिवशी वानजेननं आपली तुकडी बदलून घेतली. सूयुएनं तिला अडवलं नाही. इतकी गुणी पोर गेली म्हणून वाईट वाटलं, पण छातीवरचं ओझंही उतरलं. वानजेनलाही ओ ऐकू आली, म्हणजे आजीचं खरं होतं: आत सोडून आले म्हणून ज्याच्यासाठी ती झुरत होती, ते तिच्या मागोमाग केव्हाच बाहेर पडलं होतं.